वय न विचारता दिलेले लोह

पांडुरोग हा आपल्या नित्य व्यवहारातील व्याधी आहे. ज्या चिकित्सालयात दिवसाकाठी दोन-चार पांडूचे रुग्ण येत नाहीत, असे चिकित्सालय महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल. पापणी खाली ओढून पाहावी, जिभेचा व नखांचा वर्ण पाहावा आणि एखादा लोहकल्प लिहून द्यावा, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात अधिक विचार करण्यासारखे काही आहे, असे सहसा वाटत नाही. औषधालयात तर एवढाही क्रम पाळला जात नाही. ‘अशक्तपणा आहे, रक्त वाढायचे काहीतरी द्या’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाच्या हाती लोहासवाची बाटली ठेवली जाते. ती घरातल्या सुनेसाठी आहे, शाळकरी मुलासाठी आहे की सासऱ्यांसाठी, हे विचारण्यास कोणाला फुरसत नसते.

या अंकात आम्हांस एवढेच मांडावयाचे आहे की, पांडुत्व डोळ्यांना एकसारखे दिसले तरी वयपरत्वे त्याचे कारण बदलते, कारणानुसार आहार बदलतो आणि कित्येकदा औषधही बदलते. जो वैद्य वय विचारल्यावाचून लोह देतो तो रोगाला नाव देऊन मोकळा होतो. रुग्ण मात्र तसाच राहतो.

शास्त्राची भूमिका

वयाचा विचार आपल्याला कोणाकडून उसना घ्यावयाचा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात रुग्णाच्या परीक्षेचे जे दहा विषय सांगितले आहेत, त्यांत वय दहावे येते. शेवटी आले म्हणून ते गौण ठरत नाही. पण घाईच्या व्यवहारात शेवटचे तेवढे राहून जाते. सुश्रुताचार्यांनी बाल्यावस्थेचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन भाग केले, ते आहाराच्याच आधारे. मूल काय खाते यावरून त्याची अवस्था ओळखावी, ही दृष्टी कोणत्याही पोषणतज्ज्ञाने आदराने स्वीकारावी अशी आहे. सोळा ते सत्तर या मध्यम वयाचे त्यांनी पुन्हा वृद्धी, यौवन, संपूर्णता आणि हानी असे चार भाग केले व चाळिशीनंतर हानीचा काळ मानला. शार्ङ्गधराचार्यांनी तर मात्रेचे गणितच वयाशी बांधले. पहिल्या महिन्यात एक रक्तिका, मग महिन्यागणिक एकेक रक्तिका अधिक. पहिल्या वर्षानंतर सोळाव्या वर्षापर्यंत वर्षागणिक एकेक माषा अधिक. सत्तरीपर्यंत मात्रा स्थिर आणि त्यापुढे पुन्हा बालकाप्रमाणे उतरती. इतका काटेकोर विचार ज्या परंपरेने केला, तिच्या वारसांनी घरातल्या पाच माणसांना एकाच बाटलीतून दोन-दोन चमचे द्यावेत, हे शोभणारे नाही.

पांडुचिकित्सेतील कल्पांकडेही याच दृष्टीने पाहावे. नवायस लोहात त्रिकटू, त्रिफळा आणि मुस्ता-विडंग-चित्रक अशी नऊ द्रव्ये प्रत्येकी एक भाग आणि एकट्या लोहभस्माचे नऊ भाग असतात. लोहाच्या जोडीला अग्नीचा विचार आहे, आवळ्याची साथ आहे आणि विडंगाच्या रूपाने कृमींचाही विचार आहे. रक्त का कमी झाले, हा प्रश्न त्या योगाच्या रचनेतच अंतर्भूत आहे. तो योग लिहिताना आपण मात्र हा प्रश्न विसरतो.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके, १५ ते ४९ वर्षांच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि ४५.७ टक्के गर्भवती रक्ताल्पतेच्या कक्षेत आढळल्या. आधीच्या फेरीत (२०१५-१६) बालकांचे हे प्रमाण ५३.८ टक्के होते. बोटाच्या टोकावरील रक्तथेंबातून केलेल्या या मोजणीविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत, ते बाजूला ठेवले तरी प्रश्नाचे गांभीर्य कमी होत नाही.

याहून अधिक विचार करावयास लावणारे आकडे २०१६-१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाचे आहेत. त्यात शिरेतून रक्त घेऊन निरनिराळ्या पोषकांची तपासणी झाली. एक ते चार वर्षांच्या बालकांत लोहाची कमतरता ३२ टक्के आणि बी-१२ ची १४ टक्के; दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत लोहाची कमतरता २२ टक्के, तर बी-१२ ची ३१ टक्के. चार वर्षांच्या बालकात जी उणीव पुढे आहे ती सोळा वर्षांच्या मुलात मागे पडते आणि दुसरी पुढे येते. दोघांचीही पापणी फिकीच दिसते. या एका तुलनेतच आमच्या म्हणण्याचे सार आहे.

क्षीरान्नाद बालक

पूर्ण दिवसांच्या बालकाला मातेकडून मिळालेला लोहाचा साठा सुमारे सहा महिने पुरतो. स्तन्य हे सर्वश्रेष्ठ असले तरी त्यात लोह अल्प असते. म्हणून सहाव्या महिन्यानंतर अन्न सुरू होणे हा केवळ संस्काराचा विषय राहत नाही. सुश्रुताचार्यांनी सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न देण्यास सांगितले. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्यात अन्नप्राशन आहे. प्रत्यक्षात आपल्या घरांत काय होते? वरणाचे वरचे पाणी, भाताची पातळ पेज आणि चहात बुडवलेले बिस्कीट. बालकाचे जठर एवढेसे. ते पाण्याने भरले तर धातूंना काय मिळणार? जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार सहा ते आठ महिन्यांच्या बालकास स्तनपानाखेरीज अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात आणि वर्षानंतर सुमारे ५५०. त्या पेजेच्या पाण्यातून मिळत नाहीत. मऊ पण घट्ट, डाळ मिसळून कालवलेल्या, वर तूप घातलेल्या भातातून मिळतात.

वर्ष ओलांडल्यावर याच्या उलट प्रकार दिसतो. ‘जेवत नाही, पण दूध भरपूर पितो’ असे आई समाधानाने सांगते. गाई-म्हशीच्या दुधात लोह नगण्य असते, शिवाय दुधाने पोट भरलेले बालक अन्नाकडे वळत नाही. गुटगुटीत आणि फिके अशी ही बालके पाहताक्षणी ओळखू येतात. येथे पहिली चिकित्सा बाटली सोडवणे ही होय. मूल माती, खडू अथवा भिंतीचा पोपडा खात असेल तर मृद्भक्षणजन्य पांडूचा विचार कोणा वैद्याला शिकवावा लागणार नाही. आधुनिक शास्त्र माती खाण्याच्या ओढीस लोहाच्या कमतरतेचे लक्षणही मानते, एवढे त्यात जोडावे. कृमींसाठी शाळा व अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकली तर नाही ना, हेही विचारावे.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. नंदुरबार, गडचिरोली अशा आदिवासी भागांत आणि विदर्भात अन्यत्रही सिकलसेलचे रुग्ण आहेत. काही समाजांत थॅलसेमिया आढळतो. लोहाने न सुधारणाऱ्या किंवा वारंवार सांधे दुखणाऱ्या फिक्या बालकाची रक्ततपासणी आधी व्हावी. थॅलसेमियासाठी वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या शरीरात लोह मुळातच साचलेले असते. त्यास लोहकल्प देणे घातक ठरेल.

किशोरवय

या वयात उंची झपाट्याने वाढते आणि मुलींच्या बाबतीत दरमहा रजःप्रवृत्ती सुरू होते. गरज सर्वांत अधिक आणि आहाराकडे दुर्लक्षही सर्वांत अधिक, असा हा काळ. सकाळी शिकवणीस उपाशी जाणे, मधल्या सुटीत वडापाव, रात्री वजन वाढेल म्हणून अर्धी पोळी, ही शहरी मुलीची दिनचर्या. खेड्यात सर्वांचे झाल्यावर उरलेले खाणे. त्यात संकष्टी, एकादशी आणि श्रावणी सोमवार यांची साबुदाण्याची खिचडी, म्हणजे निव्वळ पिष्ट. उपवास सोडा असे आम्ही कधीच सांगणार नाही. तथापि राजगिरा, शेंगदाणे, भगर, ताक आणि एखादे फळ यांनी उपवासाचा दिवस निभावतो हे सांगणे आपल्या हाती आहे. रोजच्या ताटात मोड आणलेली मटकी, बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि त्यावर लिंबू पिळणे हे साधे उपाय आहेत. मोड आणल्याने कडधान्यांतील लोहशोषणास अडथळा करणारी द्रव्ये कमी होतात आणि लिंबाच्या, आवळ्याच्या आंबटपणाने वनस्पतिज लोह अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच घेतलेला चहा याच्या अगदी विरुद्ध काम करतो. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारमार्गदर्शिकेतही जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे.

गर्भिणी आणि सूतिका

आमच्या मते आपल्या व्यवसायाची खरी कसोटी येथे आहे. संपूर्ण गर्भारपणात स्त्रीला सुमारे १००० मिलिग्रॅम अधिक लोह लागते. ते केवळ आहारातून भरून निघणे आपल्याकडील बहुसंख्य स्त्रियांना शक्य होत नाही, कारण त्या गर्भधारणेच्या आधीच रिकाम्या असतात. २०१८ साली सुरू झालेल्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गर्भवतीस चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी किमान १८० दिवस आणि प्रसूतीनंतरही तितकेच दिवस देण्याची योजना आहे. ही गोळी घराघरांत पोहोचते आणि पुष्कळ घरांत कपाटातच राहते. ‘उष्ण पडते’, ‘शौचास काळे होते’, ‘बाळ काळे होईल’ ही कारणे आपण सर्वांनी ऐकली आहेत. खेदाची गोष्ट ही की, ‘त्या गोळ्या बंद करा, आमचे औषध घ्या’ असे सांगणारेही आपल्यात आहेत.

आमचे मत या बाबतीत निःसंदिग्ध आहे. गर्भिणीची लोहगोळी बंद करण्याचा सल्ला वैद्याने देऊ नये. गोळी पचत नसेल तर ती पचवून देणे हे वैद्याचे काम आहे. भिजवलेल्या मनुका, साजूक तूप, आवळ्याचा वापर, गोळीची वेळ बदलणे, चहा व कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दूर ठेवणे, मलावष्टंभावर सौम्य उपाय करणे, यांत आयुर्वेदाइतके सामर्थ्य अन्य कोणाकडे आहे? चरकाचार्यांची मासानुमासिक गर्भिणीपरिचर्या दूध, लोणी व तूप यांवर उभी आहे. बलवर्धनासाठी ती उत्तम आहे, परंतु दूध-तुपातून लोह मिळत नाही हेही ध्यानात असावे. सुश्रुताचार्यांनी चौथ्या महिन्याच्या आहारात जांगल मांसाचा समावेश केला, त्याकडे शाकाहारी-मांसाहारी वादापलीकडे जाऊन पाहावे. रक्तातील हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असलेली गर्भवती ही रुग्णालयाची रुग्ण आहे; तिला चूर्णांच्या पुड्यांवर थांबवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा मुद्दा बी-१२ चा, आणि तो आपल्याच मातीतला आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. फॉलेट मात्र जवळपास सर्वांचे पुरेसे होते. ज्या मातांत फॉलेट अधिक आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फॉलिक आम्ल बंद करावे असा मुळीच नाही. बी-१२ कडेही तितकेच लक्ष द्यावे, असा त्याचा अर्थ आहे. बी-१२ कोणत्याही वनस्पतीत भरवशाच्या प्रमाणात नसते. ते दूध, दही, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. चहात घातलेल्या चार चमचे दुधाने ही गरज भागत नाही. शुद्ध शाकाहारी, दूधही बेताचे घेणाऱ्या मातेच्या केवळ स्तन्यावर वाढणाऱ्या बालकात कधी कधी मंदपणा, विरळ केस, त्वचेचा काळवंडलेला वर्ण, शिकलेले विसरणे आणि कंप ही लक्षणे दिसतात. असे बालक बी-१२ मिळताच सुधारू लागते आणि न मिळाल्यास कायमचे मागे पडू शकते. येथे बल्य घृतांत वेळ दवडू नये.

बाळंतिणीच्या पथ्याबद्दलही एक शब्द. डाळ वातूळ, पालेभाजी बाधते, फळ थंड, असे करता करता तिच्या ताटात भात-तूप तेवढे उरते. हळिवाचे व डिंकाचे लाडू चांगलेच. पण एका लाडवात हळीव असते चमचाभर. त्यावर महिनाभराच्या रक्तस्रावाची भरपाई सोपवता येत नाही.

प्रौढ आणि वृद्ध

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम आणि प्रजननक्षम स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीची गरज पुरुषाच्या जवळपास येते. यातून चिकित्सेचा एक महत्त्वाचा नियम निघतो. पुरुषात किंवा रजोनिवृत्त स्त्रीत लोह कमी आढळले तर ते केवळ आहाराचे न्यून मानू नये. रक्त कोठून जाते आहे ते शोधावे. अर्श, अम्लपित्तजन्य व्रण, वेदनाशामक गोळ्यांचे दीर्घकाळ सेवन आणि आतड्याचा कर्करोग ही कारणे असू शकतात. पासष्ट वर्षांच्या गृहस्थांना लोहकल्पाने चार महिने तरतरी वाटली आणि तेवढ्या काळात अर्बुद हाताबाहेर गेले, तर ते यश कोणाच्या खात्यावर मांडायचे? मल काळा येणे हे लोहाचेही लक्षण आणि आतील रक्तस्रावाचेही. म्हणून लोह सुरू करण्यापूर्वीच मलाच्या वर्णाची चौकशी व्हावी.

वृद्धापकाळी अग्नी मंदावतो, दात गेलेले असतात आणि एकट्या माणसाचे जेवण चहा-टोस्टवर येऊन थांबते. प्रथिनांची प्रौढ मात्रा शरीरभाराच्या दर किलोस ०.८३ ग्रॅम मानली जाते, आणि वृद्धांस याहून काहीसे अधिक हवे असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. मुगाचे घट्ट वरण, ताक, पनीर, सोसत असेल त्यांस अंडे, एवढ्याने पुष्कळ काम होते. त्यातच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ घटत जाते. हातापायांस मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे आपण वातप्रकोपाची म्हणून ओळखतो आणि अभ्यंग-बस्ती योजतो. ते योग्यच, पण सोबत एकदा बी-१२ तपासावे. केवळ फॉलिक आम्लाने रक्त सुधारल्याचा भास होतो आणि नाड्यांची हानी आत चालूच राहते.

एक आक्षेप

वैद्याने मिलिग्रॅमच्या मागे लागू नये, आपले शास्त्र दोष-धातूंचे आहे, असे काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून आम्ही विचारतो की, रक्तिका आणि माषा ही मापे नव्हेत काय? मोजल्याने शास्त्र उणे होत नाही. हिमोग्लोबिनचा आकडा म्हणजे रक्तधातूची संपूर्ण परीक्षा नव्हे, हे खरे; पण चिकित्सा सुरू करण्यापूर्वी आणि एका महिन्यानंतर तो लिहून ठेवल्यास आपल्या कल्पाने काम केले की नाही हे आपल्यालाच कळते. महिन्याभरात एक ग्रॅमनेही वाढ झाली नाही, तर निदान पुन्हा तपासावे किंवा रुग्णास पुढे पाठवावे. नवायस, पुनर्नवादि मंडूर, धात्री लोह यांचा गुण आपण अनुभवाने जाणतो. तो नोंदीने सिद्ध करण्यास आपण कचरावे, असे काहीच कारण नाही.

औषधविक्रेत्या बंधूंस विनंती

आपल्या सभासदांत औषधालयचालकांची संख्या मोठी आहे. त्यांना आमची विनंती आहे की, ‘रक्त वाढायचे औषध’ मागणाऱ्यास तीन प्रश्न विचारावेत: औषध कोणासाठी आणि त्या व्यक्तीचे वय काय? ती गर्भवती आहे काय? दुसरी कोणती औषधे चालू आहेत? आसवारिष्टांत स्वयंनिर्मित मद्यार्क असतो. म्हणून लोहासव गर्भवतीस व बालकास वैद्याच्या सल्ल्याविना देऊ नये. शंख, शुक्ती, कुक्कुटाण्डत्वक् ही भस्मे व लोहकल्प एकाच वेळी घेण्यास सांगू नये, कारण कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते. या भस्मांविषयीही अवास्तव कल्पना नको. भस्म पूर्णतः कॅल्शियम कार्बोनेट मानले तरी २५० मिलिग्रॅमच्या मात्रेतून १०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते; प्रौढाची रोजची गरज १००० मिलिग्रॅम आहे. उरलेले दूध, ताक, नाचणी आणि तीळ यांतूनच यावयाचे. चार प्रश्न विचारल्याने एखादी बाटली कमी खपेल. पण ज्या दुकानात विचारपूस होते तेथे घरातली दुसरी पिढीही येते, हा अनुभव जुन्या औषधालयांना नवा नाही.

शाखांच्या मासिक सभांत या विषयास एक बैठक द्यावी, अशी सूचना आम्ही या निमित्ताने करतो. प्रत्येक सभासदाने पांडूच्या दहा रुग्णांची वय, आहार, चालू औषधे, आधीचे व महिन्यानंतरचे हिमोग्लोबिन एवढीच नोंद आणावी. ज्यांचे रक्त वाढले नाही, त्यांची चर्चा आधी व्हावी. कारण नुसत्या पापणीवरून आपण ज्यांना ओळखले असे समजलो, ते रुग्ण बहुधा त्यांच्यातच सापडतील.